‘कांदीद’मधला उपहास नेमका कोणावर आहे?

अक्षरवाटा

अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर याच्या ‘कांदीद’ या उपहासात्मक कादंबरीचा विषय निघाला की एक ठरलेला सारांश हमखास कानावर पडतो: लायब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाने ‘संभाव्य जगांपैकी हे जग सर्वोत्तम आहे’ असे प्रतिपादन केले, व्हॉल्तेअरने त्याची यथेच्छ टर उडवली आणि भाबडा आशावाद कायमचा निकालात निघाला. मला हा सारांश अपुरा वाटतो. लायब्निट्सचा युक्तिवाद खोडून काढण्याचा प्रयत्न त्या पुस्तकात कुठेच केलेला नाही. तो युक्तिवाद कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी आणि कोणासमोर येतो एवढेच ते पुस्तक पुनःपुन्हा दाखवते. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावून देण्याचा अधिकार कोणाला पोचतो, हा मला त्यातला मूळ प्रश्न वाटतो आणि त्यावर इथल्या जाणकारांशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लायब्निट्सचा ‘थिओडिसी’ हा ग्रंथ १७१० साली प्रसिद्ध झाला. ईश्वर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि परम दयाळू आहे. सृष्टी निर्माण करण्यापूर्वी त्याच्यासमोर असंख्य संभाव्य जगे होती. कारणावाचून काहीच घडत नाही, त्यामुळे त्याने हेच जग निवडले यालाही कारण असलेच पाहिजे, आणि ते कारण म्हणजे या जगाचे सर्वोत्तम असणे, अशी त्यातली मांडणी आहे. इथले दुःख आणि पाप वगळायला जावे तर जे जग उरेल ते एकंदरीत याहून उणेच असेल. इंग्लिश कवी अलेक्झांडर पोपच्या १७३३-३४ मधल्या ‘एसे ऑन मॅन’ या दीर्घकाव्यातल्या ‘जे आहे ते योग्यच आहे’ या अर्थाच्या ओळीमुळे असाच विचार दिवाणखान्यांत पोचला, आणि बर्लिनच्या अकादमीने १७५५ सालच्या निबंधस्पर्धेसाठी पोपची हीच विचारसरणी विषय म्हणून ठेवली.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. चर्चे भाविकांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. भूकंपामागोमाग समुद्र शहरात घुसला आणि जे उरले ते कित्येक दिवस जळत राहिले. मृतांच्या संख्येबद्दल एकमत नाही; बरेचसे अंदाज ३० ते ५० हजारांच्या दरम्यान आहेत. व्हॉल्तेअर तेव्हा जिनिव्हाजवळ राहत होता. बातमी कळल्यावर त्याने लिस्बनच्या संहारावर एक कविता लिहिली आणि ‘सर्व काही ठीक आहे’ या सूत्राची ही परीक्षा आहे, असे तिच्या उपशीर्षकातच सांगितले. लिस्बनमध्ये लंडन किंवा पॅरिसपेक्षा अधिक पाप होते काय, असा तिच्यातला प्रश्न आहे. लिस्बन रसातळाला गेले आणि पॅरिसमध्ये नाच चालू आहेत, असे तो संतापून म्हणतो.

‘कांदीद’ १७५९ च्या सुरुवातीला निनावी प्रसिद्ध झाले. कवितेतला संताप इथे अगदी वेगळ्या रूपात येतो. पाचव्या प्रकरणातला एकच प्रसंग पाहा. वरून कोसळलेल्या दगडांनी जखमी झालेला कथेचा नायक कांदीद रस्त्यात ढिगाऱ्याखाली पडला आहे. ‘मी मरतो आहे, थोडी वाइन आणि तेल आणून द्या,’ अशी तो आपल्या गुरूची, पॅन्ग्लॉसची, विनवणी करतो. त्यावर पॅन्ग्लॉस सांगतो की हा भूकंप काही नवीन नव्हे, गेल्या वर्षी अमेरिकेतल्या लिमा शहराला असेच धक्के बसले होते, तेव्हा लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखालून गंधकाची एक शीर गेलेली असली पाहिजे. कांदीद म्हणतो, ‘अगदी शक्य आहे, पण देवासाठी थोडे तेल आणि वाइन द्या.’ ‘शक्य आहे म्हणजे काय? ही गोष्ट सिद्ध झालेली आहे, असे माझे म्हणणे आहे,’ असे पॅन्ग्लॉस उत्तरतो, आणि कांदीदची शुद्ध हरपते. मग कुठे पॅन्ग्लॉस जवळच्या कारंज्यावरून थोडे पाणी आणतो.

गंधकाच्या शिरेचा सिद्धान्त खरा असता तरी या प्रसंगात तिळमात्र फरक पडला नसता. माझ्या मते सगळे पुस्तक याच एका गोष्टीभोवती फिरते.

तर्कसंगत

धागा आवडला, पण लायब्निट्सच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे. तो १७१६ सालीच वारला होता, त्यामुळे त्याला लिस्बनबद्दल विचारायची सोय नाही. मात्र त्याचे म्हणणे ज्या रूपात ‘कांदीद’मध्ये येते, ते त्याचे म्हणणे नाही. जगातले दुःख खोटे आहे असे त्याने कधीही म्हटले नाही. उलट त्याने त्याचे रीतसर वर्गीकरण केले: शारीरिक यातना, नैतिक पाप, आणि निर्मित वस्तू म्हणून प्रत्येकात असलेली मूळ अपूर्णता. ‘सर्वोत्तम’ याचा अर्थ माणसाला सर्वांत सुखाचे, असाही त्याने लावला नाही. थोडक्या आणि सोप्या नियमांतून जास्तीत जास्त वैविध्य जिथे निर्माण होते ते जग श्रेष्ठ, अशी त्याची कसोटी होती, आणि तिच्यात माणूस हा विश्वातल्या अनेक घटकांपैकी एक आहे.

पॅन्ग्लॉस भलतेच काही शिकवतो. नाक चष्म्यासाठी बनले म्हणून आपण चष्मा लावतो, पाय विजारीसाठी बनले म्हणून आपण विजार घालतो, डुकरे खाण्यासाठी बनली म्हणून आपण वर्षभर डुकराचे मांस खातो, हे त्याचे पहिल्या प्रकरणातले धडे आहेत. ही विचारसरणी लायब्निट्सपेक्षा ख्रिश्चन व्होल्फ या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाच्या जवळची आहे. व्होल्फने १७२४ साली निसर्गातल्या वस्तूंचे हेतू सांगणारे स्वतंत्र पुस्तकच लिहिले होते, आणि जर्मन विद्यापीठांत पुढे याच वळणाचे तत्त्वज्ञान शिकवले जात होते. समग्र विश्वाबद्दलच्या विधानाला ‘माझे नाक कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर बनवले की त्याचे हसे होणारच. तेव्हा मूळ सिद्धान्ताला धक्का न लागता त्याच्या पाठ्यपुस्तकी अवताराचीच खिल्ली उडाली, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

अक्षरवाटा

तर्कसंगत, तुमचा भेद मला पूर्ण मान्य आहे आणि त्याने माझ्या मुद्द्याला बळच मिळते. जगावर लायब्निट्सच्या ग्रंथापेक्षा त्याच्या पाठ्यपुस्तकी अवताराची सत्ता जास्त चालली, आणि व्हॉल्तेअरची नजर त्या सत्तेवर आहे.

अठ्ठाविसाव्या प्रकरणाकडे तुमचे लक्ष वेधतो. पॅन्ग्लॉसला फाशी दिले गेले आहे, त्यातून तो वाचला आहे, मेला असे समजून त्याच्या शवविच्छेदनाला सुरुवात झाली आहे, पुढे त्याने फटके खाल्ले आहेत आणि गलबतावर गुलाम म्हणून वल्ही मारली आहेत. अजूनही सर्व काही उत्तम चालले आहे असे वाटते का, असे कांदीद त्याला विचारतो. आपले मत पूर्वीचेच आहे, कारण आपण तत्त्वज्ञ आहोत, दिलेला शब्द फिरवणे आपल्याला शोभत नाही आणि लायब्निट्स चुकणे शक्य नाही, असे उत्तर मिळते. शेवटच्या प्रकरणात तर लेखक सरळ सांगून टाकतो की पॅन्ग्लॉसने आयुष्यभर भयंकर सोसले, पण सर्व काही छान आहे असे एकदा म्हणून बसल्यामुळे तो तेच म्हणत राहिला, आणि त्याचा त्यावर अजिबात विश्वास नव्हता. इथे सिद्धान्ताचे रूपांतर प्रतिष्ठेत झालेले आहे. पॅन्ग्लॉस स्वतःही सोसणाऱ्यांपैकीच आहे, हे लक्षात घेतले तर हे पान हसत हसत उलटता येत नाही.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितो आहे. लिस्बनचा आणि आमचा संबंध उघडच आहे, पण या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणाशी गोव्याचा आणखी एक धागा जुळतो.

भूकंपानंतर शहर वाचवण्याचा उपाय म्हणून विद्वान मंडळी काही माणसांना मंद आचेवर समारंभपूर्वक जाळण्याचे ठरवतात. पॅन्ग्लॉस बोलला म्हणून आणि कांदीदने पसंतीच्या चेहऱ्याने ऐकले म्हणून दोघांना पकडले जाते. त्यांना कागदी टोप्या आणि इन्क्विझिशनचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाचे, झगे घालतात. कांदीदच्या झग्यावर उलट्या ज्वाळा आणि शेपूट-नखे नसलेले सैतान रंगवलेले आहेत. पॅन्ग्लॉसच्या झग्यावरच्या ज्वाळा सरळ आहेत आणि सैतानांना नखेही आहेत आणि शेपट्याही. हे वर्णन कल्पनेतून आलेले वाटेल, पण तसे नाही. शार्ल डेलॉन नावाच्या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये अटक झाली, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याला कोठडीत ठेवून शिक्षा दिली, आणि सुटून गेल्यावर त्याने १६८७ साली आपली हकिकत छापली. तिच्यात हेच झगे आहेत: ज्याला जाळायचे त्याच्या झग्यावर सरळ ज्वाळा, आणि शेवटच्या क्षणी कबुली देऊन जो वाचला त्याच्या झग्यावर उलट्या. अशा उलट्या ज्वाळांना पोर्तुगीज लोक ‘फोगू रेव्होल्तू’ म्हणत. डेलॉनचे पुस्तक युरोपभर वाचले गेले आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचे चित्र युरोपच्या मनात मुख्यतः त्यानेच उभे केले.

सहावे प्रकरण ‘त्याच दिवशी भूमी पुन्हा भयंकर आवाज करत हादरली’ या अर्थाच्या वाक्यावर येते, आणि व्हॉल्तेअर त्यावर एका शब्दाचेही भाष्य करत नाही.

प्रत्यक्ष लिस्बनमध्येही भूकंपाच्या अर्थावरून भांडण झालेच. मालाग्रिदा या जेझुइट पाद्र्याने १७५६ मध्ये पुस्तिका काढून हा संहार म्हणजे पापांची शिक्षा असल्याचे सांगितले. शहराची पुनर्बांधणी हाती घेतलेल्या मंत्र्याने, म्हणजे पुढच्या मार्क्विस द पोंबालने, गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, समुद्र आधी चढला की आधी ओसरला. अर्थ सांगण्याऐवजी माहिती मागणारे हे कागद मला ‘कांदीद’इतकेच महत्त्वाचे वाटतात. मात्र याच पोंबालच्या राज्यात मालाग्रिदाला १७६१ मध्ये इन्क्विझिशनकरवी मृत्युदंड दिला गेला, आणि याच पोंबालने १७७४ मध्ये गोव्याचे इन्क्विझिशन बंद केले. ते १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले.

कोरडवाहू

रूसोचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. व्हॉल्तेअरची लिस्बनवरची कविता वाचून त्याचा समकालीन विचारवंत रूसो याने १८ ऑगस्ट १७५६ रोजी त्याला लांबलचक पत्र लिहिले. सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे तिथे काही निसर्गाने बांधली नव्हती, असे तो म्हणतो. लोक विखरून आणि हलक्या घरांत राहत असते तर हानी कितीतरी कमी झाली असती. शिवाय कपडे, कागदपत्रे, पैसे घ्यायला किती अभागी लोक थांबले आणि मेले, याकडेही तो बोट दाखवतो.

मी लातूरकडचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी आणि आसपासची गावे भुईसपाट झाली ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे आणि वरच्या माळवदाच्या ओझ्यामुळे. रिश्टर मापनावर सव्वासहाच्या आसपासचा तो भूकंप होता. तेवढ्याच तीव्रतेच्या धक्क्यात दुसऱ्या प्रकारची घरे टिकतात. त्यामुळे रूसोचे वाक्य वाचले की मला ते आजचे वाटते. ईश्वराचा बचाव करायला निघालेल्या माणसाच्या लेखणीतून आपत्तीच्या शास्त्राचा पहिला धडा उतरला आहे.

तरीही व्हॉल्तेअर का चिडला असेल हेही मी समजू शकतो. घर कसे बांधायला हवे होते, हे ढिगारा उपसला जात असताना सांगणे आणि नव्याने घर बांधायच्या वेळी सांगणे, यांत अंतर आहे. व्हॉल्तेअरने त्या पत्राला आजारपणाचे कारण सांगून थोडक्यात उत्तर दिले. पुढे रूसोने आत्मचरित्रात लिहिले की खरे उत्तर म्हणजे ‘कांदीद’च होय, आणि आपण ते वाचलेले नाही.

निळी शाई

अक्षरवाटा यांचा मुद्दा पटतो, पण मग पुस्तकातल्या स्त्रियांकडेही त्याच कसोटीने पाहिले पाहिजे. इथे मला व्हॉल्तेअरबद्दल आदर आणि राग दोन्ही वाटतात.

आदर क्युनेगाँदच्या सोबत असलेल्या म्हाताऱ्या सेविकेमुळे वाटतो. अकराव्या आणि बाराव्या प्रकरणात, ब्यूनोस आयरेसला जाणाऱ्या जहाजावर, ती आपली कहाणी सांगते. एका पोपची, म्हणजे कॅथलिकांच्या सर्वोच्च धर्मगुरूची मुलगी, राजवाड्यात वाढलेली, चाच्यांच्या हाती सापडते, बाजारांतून विकली जाते, प्लेगमधून वाचते, आणि आझोवच्या वेढ्यात उपासमार झालेले सैनिक तिच्या शरीराचा लचका कापून खातात. संपूर्ण कहाणीत ती एकदाही ‘हे कशासाठी घडले’ असे विचारत नाही. शंभर वेळा मरावेसे वाटले, तरी जगण्यावरचे प्रेम सुटले नाही, एवढेच सांगते. मग जहाजावरच्या प्रत्येकाला आपापली कहाणी सांगायला लावा असे कांदीदच्या प्रेयसीला, क्युनेगाँदला, सुचवते, आणि स्वतःच्या आयुष्याला कधीच शिव्याशाप न दिलेला एक जरी निघाला तर मला डोके खाली करून समुद्रात फेका, असे म्हणते. पॅन्ग्लॉसच्या व्याख्यानांना दिलेले यापेक्षा समर्थ उत्तर पुस्तकात नाही, आणि ते ज्याने सोसले त्याच्याच तोंडी आहे.

राग क्युनेगाँदच्या वाट्याला जे येते त्यामुळे वाटतो. तिच्यावर बलात्कार होतो, ती हातोहाती फिरवली जाते, आणि शेवटी ती कुरूप झाली यावर लेखक विनोद करतो. लग्नानंतर ती दिवसेंदिवस कुरूप आणि किरकिरी होत गेली असे लिहिताना, दुःखाचे खुलासे देणाऱ्यांना झोडपणारी लेखणी सोसलेल्या बाईलाच हास्याचा विषय बनवते. दोन ज्यू पात्रांबाबतही तेच घडते. हे काळाच्या माथी मारून सोडून देणे मला जमत नाही.

पुस्तकपाळ

फ्रान्सबाहेर हाच वार त्याहून सरळ शब्दांत करणारा एक लेखक म्हणजे सॅम्युएल जॉन्सन. आपल्याकडे त्याचे नाव कोशकार म्हणूनच जास्त घेतले जाते.

सोम जेनिन्स या ब्रिटिश खासदाराने १७५७ साली अनिष्टाच्या उगमावर एक पुस्तक काढले. गरिबी म्हणजे फक्त श्रीमंतीचा अभाव. गरिबांना आशा अधिक आणि भीती कमी, त्यामुळे हिशेब जुळतो. आणि अज्ञान हे तर त्यांच्यासाठी कष्टांची जाणीव बोथट करणारे, अफूसारखे औषध आहे, तेव्हा त्यांना शिकवून ते हिरावून घेऊ नये, अशी त्याची मते होती. आपल्यापेक्षा वरच्या योनीतले जीव आपल्या यातना करमणुकीसाठी किंवा उपयोगासाठी वापरत असतील, जशी आपण शिकार करतो, अशीही त्याची एक कल्पना होती.

जॉन्सनने त्या पुस्तकाचे परीक्षण लिहिले आणि त्याचा एकेक सांधा निखळवला. जेनिन्सने आणि पोपने, जी दुःखे इतकी सहज सोसता येतील असे त्यांना वाटते, ती बहुधा कधी पाहिलेलीच नाहीत, असे तो लिहितो. हे तो अनुभवाने लिहीत होता. पैशाअभावी त्याला ऑक्सफर्ड सोडावे लागले होते आणि १७५६ मध्ये कर्जापायी त्याला अटकही झाली होती. पूर्वज गरीब होता एवढ्याच कारणाने पिढ्यान्‌पिढ्या कोणावर गरिबी लादणे हे अन्याय्य नसले तरी क्रूर निश्चित आहे, असे तो शिक्षणाबद्दल म्हणतो. ज्या समाजाने ज्ञानाची दारे जन्मावरून बंद ठेवली, त्या समाजातल्या वाचकाला हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वरच्या योनीतल्या जिवांची कल्पना मात्र तो पुढे ताणत नेतो: आपण मांजराची पिल्ले बुडवतो तशी ते अधूनमधून जहाजे बुडवत असतील, आणि आपण कोंबड्यांच्या झुंजीभोवती जमतो तसे रणांगणाभोवती जमत असतील.

जानेवारी १७५९ मध्ये जॉन्सनची आई वारली, आणि तिच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याने ‘रासेलास’ ही कथा एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून लिहिली, असे त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने नोंदवले आहे. ती एप्रिलमध्ये, ‘कांदीद’नंतर थोड्याच काळाने प्रसिद्ध झाली. विकारांवर विजय मिळवण्याची व्याख्याने देणारा एक तत्त्वज्ञ तिच्यात येतो. त्याची एकुलती एक मुलगी तापाने मरते. राजपुत्र त्याला त्याचीच शिकवण ऐकवू लागतो, तेव्हा तो विचारतो की सत्य आणि विवेक आता माझ्या मुलीचे परत न येणे याखेरीज मला काय सांगणार आहेत. व्हॉल्तेअर पॅन्ग्लॉसला शेवटपर्यंत बोलत ठेवतो आणि जॉन्सन आपल्या तत्त्वज्ञाला गप्प करतो. मला जॉन्सनचा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो.

तर्कसंगत

जॉन्सनचा दाखला महत्त्वाचा आहे. अक्षरवाटा, तुमच्या कसोटीला एक शेवटचा प्रश्न. सुरिनामच्या गुलामाचे काय? तिथे तर कांदीद स्वतः आशावाद सोडून देतो आणि रडतो. मग उपहासाचा शेवट तिथेच का होत नाही? ‘आपली बाग कसली पाहिजे’ असे कांदीद म्हणतो तो पुस्तकाचा जो शेवट आहे, तो मला माघार घेतल्यासारखा वाटतो.

अक्षरवाटा

बागेबद्दल थोडक्यात सांगतो. ‘आपली बाग कसली पाहिजे’ म्हणणारा लेखक स्वतः घरात बसून राहिला नाही. तुलूझमध्ये जां कालासला १७६२ साली खोट्या आरोपावरून चाकावर हाल करून मारले गेले, तेव्हा व्हॉल्तेअरने ते प्रकरण लावून धरले आणि १७६५ मध्ये निकाल फिरेपर्यंत सोडले नाही. म्हणून ती बाग मला पळवाट वाटत नाही.

सुरिनामचा प्रसंग मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या प्रकरणात डावा पाय आणि उजवा हात नसलेला एक माणूस रस्त्याकडेला पडलेला दिसतो. साखरेच्या घाण्यात बोट अडकले तर हात तोडतात, पळून जायचा प्रयत्न केला तर पाय तोडतात, माझ्या बाबतीत दोन्ही घडले, आणि तुम्ही युरोपात साखर खाता ती या किमतीत, असे तो सांगतो. संपूर्ण पुस्तकात दुःखाचे खरे कारण इतक्या नेमकेपणाने दुसरे कोणीही सांगत नाही. त्यात बाजार आहे, माल आहे आणि गिऱ्हाईकही आहे. कांदीद पॅन्ग्लॉसचे नाव घेऊन आशावादाचा त्याग करतो, आणि आशावाद म्हणजे काय असे त्याच्या सेवकाने विचारल्यावर, वाईट चालले असताना सर्व ठीक आहे असे हट्टाने म्हणण्याचे ते वेड आहे, असे सांगतो.

पण पुढची पाने सावकाश वाचा. त्या गुलामाच्या मालकाचे नाव व्हान्डरडेन्डुर. कांदीद रडत रडत शहरात शिरतो आणि व्हेनिसला जाण्यासाठी ज्याच्याशी सौदा करतो त्या जहाजमालकाचे नावही व्हान्डरडेन्डुर. तो कांदीदच्या एल्डोराडो या काल्पनिक सुवर्णभूमीहून आणलेल्या, रत्नांनी लादलेल्या मेंढ्या घेऊन पसार होतो. कांदीद न्यायाधीशाच्या दारावर धडका देतो, ओरडतो, दंड भरतो, आणि हे सगळे आपल्या संपत्तीसाठी. गुलामाचा विषय पुन्हा निघत नाही.

विसाव्या प्रकरणात समुद्रावर दोन जहाजांची लढाई होते आणि एक बुडते. बुडणाऱ्या जहाजाच्या डेकवर शंभरएक माणसे हात वर करून आक्रोश करताना कांदीदला आणि त्याचा सोबती मार्टिन याला स्पष्ट दिसतात. मग पाण्यावर काहीतरी तांबडे तरंगताना दिसते. ती कांदीदचीच एक मेंढी असते, आणि बुडालेले जहाज व्हान्डरडेन्डुरचे असते. कांदीदला आनंद होतो. पाहा, गुन्ह्याला कधी कधी शिक्षा होते, असे तो म्हणतो. त्यावर मार्टिन विचारतो, ‘हो, पण त्याच्या जहाजावरचे प्रवासीही मरायलाच हवे होते का?’

आशावाद सोडून एक प्रकरणही उलटलेले नसताना कांदीदच्या तोंडी ही भाषा येते, आणि ती बोलताना समोरच्या पाण्यात माणसे नुकतीच बुडालेली असतात. तर्कसंगत, उपहासाचा शेवट सुरिनामला का होत नाही, याचे माझ्यापाशी असलेले उत्तर हेच आहे.